बारा फुटी सूर्यफुलाचा प्रकल्प

२ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून सूर्यफुलं. ठरलं म्हणजे ठरलं. बियांची दोन पाकिटं आणली. एक महाकाय: एक खोड, एक फूल, उंची बारा फूट. दुसरं बहुमुखी: एका झाडाला वीस-पंचवीस फुलं. पहाटेचं धावणं, बासरी आणि मधमाशा या तीन प्रकल्पांचा अनुभव पाठीशी आहे. मधमाशांबद्दल इथे काही लिहायचं नाही.
ऊन फक्त गॅलरीत येतं. तिथे हिचं शिलाई मशीन. बोलावं लागेल.

३ फेब्रुवारी
बोललो. मशीन मधल्या खोलीत हलवलं. ही म्हणाली, त्या खोलीला खिडकी नाही, काजं-बटणं कशी करू? मी म्हणालो, ट्यूबलाइट आहे की. माणसाला ट्यूबलाइट चालते, सूर्यफुलाला चालत नाही. 
हिने लेखी करार मागितला. १० मेपर्यंत एक झाड माझ्या डोक्याच्या वर जायला हवं आणि एका झाडाला दहा फुलं यायला हवीत. नाहीतर मशीन परत गॅलरीत आणि कुंड्या बाहेर. हसत हसत सही केली. मुलीने विचारलं, गॅलरीचं छत नऊ फुटांवर आहे, बाबा, वरचे तीन फूट कुठे ठेवणार? कॉलेजात हल्ली फक्त शंका काढायला शिकवतात.

५ फेब्रुवारी
सहा कुंड्या भरल्या. तीनवर 'क', तीनवर 'ख'. बियांची नावं मुद्दाम लिहिली नाहीत. समोरच्या इमारतीतले निवृत्त पोस्टमास्तर दिवसभर आमच्याकडे बघत बसतात. त्यांच्याही कुंड्या आहेत. आयतं गुपित कशाला द्या?
क म्हणजे काय, ख म्हणजे काय, याचा खुलासा एका कागदावर लिहून पाकिटांसकट ऑफिसच्या फाइलीत लावला. घरात कागद टिकत नाही. ऑफिसात रेकॉर्ड विभाग अठरा वर्षं माझ्याकडे आहे. आजवर एक चिटोरं हरवलेलं नाही.

१४ फेब्रुवारी
सहाही कुंड्यांत कोंब! ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. साहेबांना दोनदा सांगितलं.
हिने एका ब्लाउजला बाही उलटी लावली. गिऱ्हाईक दारात उभं राहून ओरडून गेलं. कामात लक्ष हवं. तसं तिला समजावून सांगितलं.

८ मार्च
रोपं वीतभर. माहिती वाचली. बहुमुखीचा शेंडा खुडला की फांद्या जास्त फुटतात. महाकायच्या शेंड्याला मात्र बोटसुद्धा लावायचं नाही, कारण त्याचं एकुलतं एक फूल तिथेच येतं. म्हणजे कोणतं कोणतं हे माहीत असणं महत्त्वाचं. ते आपल्याला माहीत आहे. उद्या फाइल बघतो.

९ मार्च
फाइल नाही.
'तात्पुरते कागद तीस दिवसांनी नष्ट करावेत' हा नियम विभागात मीच आणला. परवा तीस दिवस झाले. शिपाई म्हणाला, यंत्रात घातली की साहेब, तुम्हीच समोर उभे होता. यादीवर सही माझी. वळणदार.
विभाग किती चोख चालतो याचं एका परीने समाधान वाटलं. एका परीनेच.

१० मार्च
अनुभवाच्या जोरावर निर्णय घेतला. क ची खोडं जाड आहेत. मुलगी म्हणाली, मग तेच महाकाय, नाहीतर समोरच्या आजोबांना विचारून या. मी म्हणालो, खोड जाड म्हणजे फांद्या पेलायची तयारी, म्हणजे बहुमुखी. याला तर्क म्हणतात. आणि विचारायला जायचं ते का म्हणून?
क चे तिन्ही शेंडे उडवले. शिलाईची कात्री हाताशी होती. संध्याकाळी ही कात्रीवरून जे बोलली ते लिहीत नाही.

२ एप्रिल
क गप्प आहे. शेंडा गेल्यापासून उंची तीच, बगलेत दोन खुरटे फुटवे. विचार करत असावं.
ख मात्र फार उनाड. पानापानाच्या बगलेतून कळी काढतं. महाकाय व्हायचं तर असले थेर चालणार नाहीत. रोज सकाळी अर्धा तास त्याच्याशी बोलतो आणि बाजूच्या कळ्या खुडतो. आजअखेर त्रेसष्ट. सगळ्या तारखेवार लिफाफ्यात.
पोस्टमास्तरांनी समोरून दोन्ही हात हलवून 'नको नको' अशी खूण केली. पोटात दुखतंय, दुसरं काय!

१९ एप्रिल
हिच्या चष्म्याचा नंबर वाढला. मी म्हणालो, वय झालं. ती म्हणाली, तुम्ही माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे आहात. विषय बदलला.
क-१ आणि क-३ मेले. जागा झाली, हे एक बरं झालं.

३ मे
ख-२ ला फूल आलं! वाटीएवढं. तोंड बाहेर, पोस्टमास्तरांकडे. मला पाठ दिसते. पाठ चांगली आहे.
अजून सात दिवस आहेत. झाडं शेवटच्या आठवड्यात झपाट्याने वाढतात. असं कुठेतरी वाचलं आहे. नसलं तरी वाढायला कोणाची हरकत आहे?

१० मे, सकाळी १०
मोजणी. हिने शिलाईची टेप लावली. अडीच फूट.
मी निदर्शनास आणलं की करारात 'माझ्या डोक्याच्या वर' एवढंच आहे. मी उभा की बसलेला, हे कुठेही लिहिलेलं नाही. फरशीवर मांडी घालून बसलो. तरी चार इंच कमी. मुलीने आडवं पडून बघायला सुचवलं.
दहा फुलांच्या बाबतीत माझी बाजू भक्कम होती. लिफाफ्यात एकशे बारा कळ्या जमा आहेत, त्या धराव्यात असं मी म्हणालो. मुलगी म्हणाली, पडलो तरी नाक वर. हिने लिफाफा ओतून वाळलेल्या कळ्या हातात घेतल्या. म्हणाली, एवढी फुलं येणार होती. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

११ मे, दुपारी २
मशीन गॅलरीत गेलं. माझी खुर्ची आणि टेबल मधल्या खोलीत. भरदुपारी दिवा लावून लिहितो आहे. ओळी तिरक्या जात आहेत. दोनदा एकाच ओळीवर लिहिलं. ही इथे तीन महिने शिवत होती.
सुईत दोरा कसा ओवत होती? उठून विचारलं. ही मशीन न थांबवता म्हणाली, मी कुठे ओवत होते? पोरगी रोज कॉलेजला जायच्या आधी गॅलरीच्या दारात उभी राहून दहा सुया ओवून ठेवायची. तुम्ही तिथेच असायचात, तुमच्या झाडांशी बोलत.
मला ती एकदाही दिसली नाही. लाज वाटली. लिहायला नको होतं, पण ही वही कोण वाचतंय!
ठरलं. उद्यापासून दहा सुया मी ओवणार.

संध्याकाळी ६
सराव म्हणून एक सुई घेतली. गॅलरीत, चांगल्या उजेडात. वीस मिनिटं. दोरा थुंकी लावून टोकदार केला, चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. ही बघत होती. शेवटी मुलीने माझ्या हातातून सुई घेतली, ओवली आणि आईला दिली.