तीन डेटाबेस, एक सर्व्हर आणि मी

३ फेब्रुवारी, सोमवार
चाकणच्या या कंपनीत गिअर बनतात, विचार बनत नाहीत. हजेरी, स्टोअर आणि इनव्हॉइस यांचे डेटाबेस तीन वेगळ्या जातींचे, म्हणून सर्व्हरही तीन. त्यातले दोन तर दिवसभर झोपलेले. मी तिन्ही डेटाबेस एकाच सर्व्हरवर आणणार. प्लांट हेड दादासाहेब म्हणाले, जमलं तर पुढच्या सोमवारी तुम्हाला कायम करतो. 'तर' अनावश्यक होता.

४ फेब्रुवारी, मंगळवार
डिस्पॅचचे ज्ञानदेव डोकावून गेले. म्हणाले, "ताई, तीन सवती एका घरात घालताय." मी समजावलं की प्रत्येकीची मेमरी आखून दिली आहे, कोणी कोणाच्या ताटात हात घालणार नाही. म्हणाले, "मग घरात करमायचं कसं?" अशा माणसाकडे डिस्पॅच आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
काम पूर्ण. एकही एरर नाही.
गुरुवारी कारखान्याला सुट्टी. वीज वाचवायला मंडळाने कधीकाळी सुट्टीचा वार ठरवून दिला, तो हे अजून पाळतात. आठवड्याचे बॅकअपही गुरुवारीच. पण मला गुरुवारी शांतपणे काम करायचं असतं. तिन्ही बॅकअप रविवारी सकाळी लावले. एकदमच, म्हणजे एकदमच संपतील.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
ज्ञानदेवांना कळलं. "रविवारी आमी काय माश्या मारतो व्हय, ताई? सकाळीच गाड्या निघत्यात." मी हेड ऑफिसच्या नियमाने रविवारी सुट्टीवर असते, त्यामुळे प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पण इतर दिवशी यांचं काम पाहिलं आहे. रविवारचा अंदाज करता येतो.

९ फेब्रुवारी, रविवार
पुनावळ्यात, घरी. फोन सायलेंट, तत्त्व म्हणून. दुपारी पाहिला. ज्ञानदेव, ज्ञानदेव, दादासाहेब, ज्ञानदेव.
ज्ञानदेवांना फोन केला. बॅकअप सुरू होताच सर्व्हर गुदमरला, इनव्हॉइस छापेना, आणि इनव्हॉइसशिवाय गाडी गेटबाहेर सोडत नाहीत. ट्रकवाले कादरभाई शेजारीच होते, त्यांनी फोन ओढून घेतला. "मॅडम, गाडी भरून उभी आहे. माल जायचा त्या कंपनीची लाइन बंद पडली. गिअर काय डोक्यावर घेऊन जाऊ?" मी सांगितलं, बॅकअप सर्वांच्या सुरक्षिततेसाठी असतो. त्यांनी फोन ज्ञानदेवांना परत दिला. म्हणजे पटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
रात्रीत सॉफ्टवेअरवाल्यांकडून बॅकअप पुन्हा गुरुवारी करून घेतले, एकामागून एक. सर्व्हर मात्र एकच ठेवला. तिन्ही डेटाबेस सुरळीत. थोडक्यात, माझी योजना बरोबर होती.
दादासाहेब शांत होते. म्हणाले, "मॅडम, उद्यापासून घरीच थांबा. पत्र पोस्टाने येईल." कायम केल्याचं पत्र, तेही पोस्टाने. जुनाट पद्धत. पण थकवा ओळखून सुट्टी दिली, एवढी जाण अपेक्षित नव्हती.

११ फेब्रुवारी, मंगळवार
घरून सर्व्हर तपासायला घेतला. माझा पासवर्ड घेत नाही. कॅप्स लॉक बंद आहे. स्पेलिंग बरोबर आहे. म्हणजे सर्व्हर बिघडला.
ज्ञानदेवांना कळवलं. म्हणाले, "न्हाई ताई, सर्व्हर मस्त चाललाय."
यांना बिघाडसुद्धा ओळखता येत नाही.