नऊ नंबरची जर्सी

आबा,

काल चौकातला फ्लेक्स उतरवून आणला. फ्लेक्स म्हणजे काय ते तुम्हाला थोडंफार माहीत होतं. तुम्ही गेलात त्या सुमाराला हे प्लॅस्टिकचे छापील बोर्ड पेठेत नुकतेच दिसायला लागले होते, आणि एकदा एका बोर्डाला बोट लावून, बोट नाकाशी नेऊन तुम्ही म्हणाला होतात, "ह्याला वासच न्हाय की." तुमच्या हातच्या बोर्डांना रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास असायचा. तुमच्यामागं ब्रशवर पोट भरेना, म्हणून मी तुमच्याच जागेत फ्लेक्सचं दुकान टाकलं. शिवाजी पेठेत माणूस जन्मला, निवडून आला किंवा गेला की माझं मशीन सुरू होतं. पण काल उतरवलेला फ्लेक्स तुमच्या नातवाचा होता, आणि त्याच्याबद्दल तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

थंडीचे दिवस आठवतात. फुटबॉलचा सीझन तोंडावर आलेला आणि पेठेतल्या तालमीच्या टीमच्या कोऱ्या जर्सी आपल्या घरी येऊन पडलेल्या. तुम्ही पाटावर एकेक जर्सी ताणून बसवता, खडूनं आखता आणि ऑइलपेंटनं नंबर काढता. थंडीत रंग लवकर वाळत नाही, म्हणून आई कुरकुरत का होईना स्वयंपाकघरात चुलीच्या वर दोरी बांधू देते. आम्ही भाकरी खातोय आणि डोक्यावर नऊ, दहा, अकरा लोंबकळताहेत. आई म्हणते, "भाकरीला रंगाचा वास यायला लागलाय." तुम्ही म्हणता, "येऊ दे. जिंकल्यावर ग्वाड लागंल." माझी पाच नंबरची जर्सी तुम्ही नेहमी सगळ्यात शेवटी करायचा. वाळल्यावर तो नंबर पुठ्ठ्यासारखा कडक व्हायचा, आणि धावताना पाठीला घासायचा. मॅचनंतर पाठ लाल व्हायची. मला ते आवडायचं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग ते मुंबईचं बोलावणं आलं. एका बँकेच्या टीमला बॅक हवा होता, खेळायचं आणि नोकरीही करायची. मी घरी आलो तेव्हा तुम्ही दुकानाच्या पायरीवर ब्रश धूत होता. मी सांगितलं. तुम्ही वर पाहिलंही नाही. "जा की," म्हणालात, "तुला आडवलंय कुणी? पर एक सांगतो. तुझा पाच नंबर मी दुसऱ्या कुणाच्या पाठीवर काढणार न्हाय. तालमीनं दुसरा पेंटर बघावा." एवढंच. शिवी नाही, समजावणं नाही. तुम्ही पुन्हा ब्रश धुवायला लागलात आणि माझं मुंबईला जाणं तिथंच संपलं. पुढं मी पेठेकडून भरपूर खेळलो, गुडघा जाईपर्यंत खेळलो. आजही दूध आणायला गेल्यावर दूध कट्ट्यावर एखादा म्हातारा मला "काय पाच नंबर!" अशी हाक मारतो, तेव्हा वाटतं तुम्ही बरोबर होता. बँकेतनं निवृत्त झालेला माझ्या वेळचा एखादा खेळाडू गावी येऊन मुंबईच्या गोष्टी सांगतो, तेव्हा मनातल्या मनात तुमच्याशी भांडतो. हे भांडण काही मिटलेलं नाही. पण एक गोष्ट नक्की. मी जाऊ नये असं कुणाला तरी वाटत होतं, आणि ते मला कळलं होतं.

तुमचा नातू तुमच्या सायकलच्या नळीवर बसून मॅचला यायचा, तेव्हा त्याचे पाय पायडलपर्यंत पोचत नव्हते. तो चांगला निघाला, आबा. माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला. नऊ नंबर. शाळेत असताना त्याच्या पायात चेंडू आला की स्टेडियमची गॅलरी उभी राहायची. मग गोव्याच्या एका अकादमीनं त्याला नेलं, आणि तिथं तो बाकावर बसायला शिकला. परत आला तो अंगानं भरलेला पण बुजलेला. दरम्यान इथलाही खेळ बदललाय. आता प्रत्येक पेठ सीझनपुरता परदेशी खेळाडू आणते. आपल्या तालमीनं आफ्रिकेतला एक उंचापुरा स्ट्रायकर आणला आणि पोराला आधी विंगला ढकललं, मग बाकावर. शेवटच्या दहा मिनिटांत उतरवायचे. घाईघाईत एखादी संधी हुकली की गॅलरीतनं आरोळी यायची, "बापाच्या दुकानात बस जा!" मी त्या गॅलरीतच बसलेला असायचो. आरोळी मारणारा कुणाचा कोण हेही मला माहीत असायचं.

यंदा आखातातल्या एका छोट्या क्लबकडनं त्याला फोन आला. अकादमीतल्या जुन्या मित्रानं नाव सुचवलं होतं. क्लबचा मालक व्यापारी. सकाळी त्याच्या गोदामात काम करायचं, संध्याकाळी सराव, आणि आठवड्याला मॅच. लीग कितव्या दर्जाची ते विचारू नका, मलाही नीट कळलेलं नाही. पोराचं काही ठरत नव्हतं. जेवताना म्हणायचा, "हितं बाकावर बसण्यापेक्षा तिथं खेळायला तर मिळंल." आणि भाजी वाढून घेईपर्यंत म्हणायचा, "पर पप्पा, तिथं गेलो तर हितनं संपलोच की वो मी. पुन्हा कोण घेणार टीममधी?" दोन्ही खरं होतं. तुमची सून रोज भांडी घासताना मला म्हणायची, "तुमी एक शबूद बोला. तुमी थांब म्हणला तर थांबंल त्यो." मी म्हणायचो, त्याचं आयुष्य आहे, त्यानं ठरवावं. शहाण्या बापासारखं वाटायचं ते बोलताना. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मी थांब म्हणायचं, आणि त्यानं जन्मभर माझ्याशी मनातल्या मनात भांडायचं.

अशात पेठेनंच निकाल लावला. पोरानं एका मित्राला विश्वासानं सांगितलं होतं, ते संध्याकाळपर्यंत सगळ्या कट्ट्यांवर गेलं. दुसऱ्या दिवशी तालमीची पोरं दुकानात हजर. "काका, मोठा फ्लेक्स मारायचा. चौकात लावायचा." मी म्हणालो, अरे, त्याचं अजून ठरलेलं नाही. "ठरायचं काय त्यात? चान्स हाय! पेठेचं नाव परदेशात जातंय, आणि तुमी काय त्वांड पाडून बसलाय?" त्यांचा आनंद खोटा नव्हता. तेच मला लागलं. ही तीच पेठ आहे, आबा, जिथला खेळाडू दुसऱ्या पेठेकडून खेळला तर त्याच्या घरच्यांशी लोक वर्षभर बोलत नसत. तुम्ही स्वतः एकाच्या लग्नाला गेला नव्हतात. आणि माझ्या पोराला निरोप द्यायला ही मंडळी हसत-हसत मजकूर सांगत होती: "आपल्या पेठेचा वाघ सातासमुद्रापार! नामांकित परदेशी क्लबमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात नगरसेवक व्हायला निघालेले दोघं पोराच्या फोटोपेक्षा मोठे. मी माउस हलवत होतो आणि मला स्वच्छ कळत होतं, की तो गेल्यानं यांचं काहीच अडणार नाही.

पोरगं दुपारी दुकानात आलं, तेव्हा फ्लेक्स स्क्रीनवर तयार होता. माझ्या मागं उभं राहून त्यानं तो बराच वेळ पाहिला. "फोटो बरा आलाय," म्हणाला. मी मशीनवर हात ठेवला आणि विचारलं, "छापू का?" आबा, मी फक्त फ्लेक्सचं विचारत नव्हतो. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्यानं स्क्रीनवरची नजर काढली. तो माझ्याकडं बघत राहिला. तुम्ही पायरीवर बसला होतात तेव्हा मी तुमच्याकडं असाच बघत होतो. तुमच्यासारखं एखादं वाक्य माझ्या तोंडून निघेल म्हणून मी वाट पाहिली. निघालं नाही. शेवटी तोच म्हणाला, "छापा की. एवढं केलंय त्यांनी." मी छापलं. एकदा चौकात फ्लेक्स लागल्यावर या गावात कोण मागं फिरतो? लोक दूध कट्ट्यावर विचारायचे, "अजून हितंच?" आणि पोरगं मान खाली घालून पिशवी घेऊन घरी यायचं.

तो जायच्या आधीच तालमीच्या नव्या जर्सी आल्या. नंबर आता ब्रशनं काढत नाहीत. रबरासारख्या कागदाचे कापलेले नंबर येतात, ते जर्सीवर ठेवून वरनं तापलेलं मशीन दाबून धरायचं, इस्त्रीसारखं. ठरलेला वेळ धरलं की नंबर कापडाला कायमचा चिकटतो. तेही काम माझ्याकडंच असतं. यादीत पोराचा नऊ नंबर त्या परदेशी स्ट्रायकरला दिला होता. तो स्वतः जर्सी अंगाला लावून बघायला आला होता, दारातनंच म्हणाला, "काका, बरं हाय का?" हे त्याला माझ्याच पोरानं शिकवलेलं. दोघांची चांगली दोस्ती. तेवढ्यात त्याला घरनं व्हिडिओ कॉल आला, तर त्यानं फोन माझ्यापुढं धरला आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, आई विचारते आहे, परत कधी येणार. त्या माउलीला मी हात जोडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याच्या गावात त्याचाही नंबर आता दुसऱ्या कुणाच्या पाठीवर असेल.

पोराला मुंबईच्या गाडीत बसवलं. त्याच्या आईनं चटणी आणि कांदालसूण मसाला इतका दिला की बॅगेत बुटांना जागा राहिली नाही, मग बूट त्यानं गळ्यात अडकवले. आता अधनंमधनं फोन येतो. गोदामात साबणाची खोकी उचलतो. मॅचमध्ये पूर्ण वेळ खेळतो, हे तो आवर्जून सांगतो. परवा म्हणाला, "पप्पा, गोल मारला काल. मारल्यावर सवयीनं गॅलरीकडं पळालो." मी म्हणालो, मग? "मग काय. तिथं गॅलरीच न्हाय. भिंत हाय. परत आलो पळत." तो हसला. मी फोन त्याच्या आईकडं दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. त्याला जाऊ द्यायला नको होतं का? इथं ठेवून तरी काय बघणार होतो मी, त्याच्या नावाच्या आरोळ्या? मला माहीत नाही, आबा. तुम्हाला तेव्हा एवढी खात्री कुठनं आली होती, ते सांगायला तुम्ही हवे होता.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या पेठेशी आपली मॅच झाली. स्टेडियम भरलेलं. त्यांच्या बॅकनं आपल्या स्ट्रायकरची जर्सी मागनं धरली, आणि नऊ नंबर सोलून अर्धा त्याच्या हातात आला. उरलेला अर्धा पाठीवर लोंबत होता. सगळी गॅलरी हसून लोळली. तो भला माणूसही हसला आणि तसाच खेळला. संध्याकाळी तालमीची पोरं दुकानात भांडायला आली, "काका, आख्ख्या गावात इज्जत घालवली की! कसलं काम हे?" मी म्हणालो, मशीन बिघडलंय, फुकट करून देतो. मॅचचा व्हिडिओ आखातात पोचला होता. रात्री पोराचा फोन आला, हसून हसून त्याला बोलता येत नव्हतं. "पप्पा, बाकीच्यांचे नंबर तर नीट हायत. मशीन बिघडलं व्हय?" मी त्यालाही व्हय म्हणालो.

हे कागद तुमच्या ब्रशांच्या डब्यात ठेवतोय, दुसरीकडं कुठं पाठवणार? फक्त एक सांगायचं राहिलं. सगळ्या जर्सींवर मी मशीन पूर्ण वेळ दाबून धरलं होतं. नऊ नंबरवर आलो तेव्हा तुम्ही पायरीवर बसल्यासारखं वाटलं, आणि मी हात लवकर उचलला. आबा, मशीन बिघडलेलं नाही.