आक्काला चिवडा लई आवडायचा

आई,

‘प्रिय’ लिहिलं नाही, कारण मी तुझ्यावर रागावलोय. काल दुपारी टीव्हीवर एका विनोदी मालिकेचा भाग लागला होता. त्याने हा राग वर आणला, म्हणून आज पहाटेच लिहायला बसलोय.

त्या भागात तीन भावांची आई गेलेली असते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही. थोरला म्हणतो, आईला बासुंदी आवडायची. मधला म्हणतो, छे, भजी! शेवटी धाकटा पिंजऱ्यातून भाड्याचा कावळा आणतो आणि तो जाऊन बसतो भटजींच्या डब्यावर. बाबा पोट धरून हसले. मीही हसलो. मग जेवता जेवता ताटावरून उठलो.

कारण आपल्याकडे दुसरं काय झालं होतं? तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो.

तुझ्या दहाव्याला नदीवर पत्रावळ मांडताना भटजींनी विचारलं, “माउलीच्या आवडीचं काय आणलंय?” मी पुरणपोळी नेली होती, कारण सगळेच नेतात. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, एकही खाली येईना. बाबांनी हात जोडले, “पोरांचं समदं नीट करतो” म्हणाले. तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही निघालो. तेवढ्यात नंदूमामाच्या मोटारसायकलला अडकवलेल्या पिशवीवर एक कावळा आला आणि मामाने स्वतःसाठी घेतलेला चिवड्याचा पुडा त्याने फाडला.

“बघ माणक्या!” मामा रडायलाच लागला. “आक्काला चिवडा लई आवडायचा!”

आई, तुला? मिरचीचं बोट लागलं तरी तुझ्या पोटात आग पडायची! पण आता सगळ्या पाहुण्यांत तेच ठरलंय. गुरुवारी तुझं वर्षश्राद्ध आहे आणि मामाने अहमदपूरहून चिवड्याचं पोतं आणलंय. मी म्हणालो, “मामा, ती चिवडा खायची न्हाई.”

“मग काय खायची? सांग की!”

काय सांगू? तू कधी तोंड उघडलंस? “मला काहीपण चालतंय.” करपलेली भाकरी तुझी, फुटका कप तुझा, एसटीत मधली जागा तुझी. दुकानात मी श्रद्धांजलीचे फ्लेक्स करतो. प्रत्येक बाईच्या फोटोखाली ‘त्यागमूर्ती’ टाइप करतो, दोनदा तपासून. तुझ्या फ्लेक्सवर तो शब्द मी टाकला नाही. त्याग कसला? मला ती लपवाछपवी वाटते.

आणि पोटाचं काय? “जळजळ हाय जराशी. ओवा खाल्लाय.” नांदेडला डॉक्टरकडे चल म्हटलं की, “सोयाबीन निघू दे, मग बघू.” सोयाबीन निघालं. मग हरभरा पेरायचा होता. मग तो काढायचा होता. अखेर गेलो तेव्हा डॉक्टर मलाच म्हणाले, “इतके दिवस काय करत होता?” उत्तर तू द्यायचं होतंस ना? तू खाली बघत बसलीस!

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण काल ताट ठेवायला आत गेलो, तर सविता जेवायला बसली होती. तुझी लेक. ताटात करपलेली भाकरी, एक हात पोटावर.

“पोटात दुखतंय का?”

“जळजळ हाय जराशी. ओवा खाल्लाय.”

आई, तेच शब्द! मी तिच्या ताटातली भाकरी उचलून बाहेर कुत्र्याला टाकली.

“येडा झालास का दादा? लई टीव्ही बघून राहिलास.”

“उद्या नांदेडला जायचं. डॉक्टरकडं.”

“वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू.”

मग मी ओरडलो. इतका की बाबा धावत आत आले. म्हणालो, श्राद्ध गेलं खड्ड्यात, आईचा कावळा वर्षभर थांबलाय, अजून थांबेल! बाबांनी मला गप्प केलं नाही. ते सविताच्या पोटावरच्या हाताकडे बघत होते. मग तिला म्हणाले, “जा बाई.”

सविता फणकाऱ्याने म्हणाली, “जायचंच असंल तर खिडकीची जागा मला पाहिजे. दर वेळी तूच बसतोस.”

आई, तुझ्या घरात पहिल्यांदा कोणीतरी ‘मला पाहिजे’ म्हणालं! तुलाही खिडकी हवी असायची का गं? मग मला का देत राहिलीस?

थोड्या वेळात आम्ही निघतोय. गुरुवारी तुझ्या पानावर साधा वरण-भात ठेवीन, चिवडा नाही. मामाला काय वाटायचं ते वाटो. आणि आज लोह्याच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली की बाहेरूनच रुमाल टाकून खिडकी धरीन. तिथे सविता बसेल. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं की तीच सांगेल, आणि तिचं सांगून होईपर्यंत मी तिला उठू देणार नाही.

अजून रागावलेला,
तुझा माणिक