नारळी पुनवेची सुई

बाई, तुम्ही गेलात त्याला सतरा वर्षं झाली. तुमच्याच उपकेंद्रात आता मी नर्स आहे. तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता तुम्ही मला झापलं होतंत, ते अजून कानात आहे. मी एका कोळणीला पुढची तारीख सांगून पाठवलं होतं. “अगं शहाणे, इथं तारीख कोण बघतंय? सण सांग, सण. बाया सण विसरत नाहीत.” तेव्हापासून मी सणच सांगत आले, आणि बाया खरंच वेळेवर येत राहिल्या.

तुमच्या वेळी आपल्याकडे तीन महिन्यांची सुई नव्हती. चांगली आहे हो. वेळच्या वेळी घेतली तर दिवस राहणं अगदी विरळा. महिनाभर उशीरही चालतो, त्यापुढे मात्र भरवसा नाही. कोळीवाड्यातल्या एका बाईला तिसऱ्या बाळंतपणात इतका रक्तस्राव झाला होता, की डॉक्टरांनी चौथं नको म्हणून बजावलं होतं. तिला मी अक्षयतृतीयेला सुई दिली. कार्डावर तारीख लिहिली, पण तिला वाचता येत नाही, म्हणून तोंडाने म्हटलं, “नारळी पुनवेला ये.” एरवी पुनवेपर्यंत दहा-बारा दिवसांचाच उशीर होतो, ते बसलं असतं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, पुनव महिनाभर पुढे गेली, आणि माझ्या ते डोक्यातच आलं नाही. कॅलेंडर माझ्या पाठीमागच्याच भिंतीवर होतं.

ती बरोबर पुनवेला आली, नवी साडी नेसून. उशीर झालेला पाहून मी आधी तपासणी केली. पट्टीवर दोन रेघा उमटतात, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. “बाय, तू सांगितलास त्याच दिशी आयले ना मी? मंग असा कसा झाला?”

मी म्हटलं, “कधी कधी सुईसुद्धा फसते गं.”

ती वाचली, बाई. पोरगीही वाचली. पण तालुक्याला रक्ताच्या बाटल्या चढत होत्या तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून तुमच्यावर चिडत होते, जणू चूक तुमचीच. आता वाड्यातली एकही बाई सुईला येत नाही. सुईचा काय भरवसा, म्हणतात. त्यातल्या दोघी पुन्हा गरोदर आहेत.

ती रोज उपकेंद्रावरून मासळीची पाटी घेऊन जाते, हाक मारते, कधी मूठभर करंदी ठेवून जाते. हे सगळं तिला सांगायला हवं होतं. तुम्ही उलटून काही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.