बाबाले कापूस पिवळा दिसला

१२ जानेवारी १८६४, अमरावती

मले अप्पलपोटा म्हणू नको. बाबाचे पाय सुजले असं पत्र आलं, तसा पुणं सोडून आलो की नाही? मंग झालं तं. वहीचं पान आहेस, पानासारखं राहा.

हो, मी लिहीत होतो ती गोष्ट अर्धी राहिली. राजा नाही, राणी नाही, माणसं घरात बोलतात तशीच बोलणारी माणसं. कॉलेजातले सोबती हसले — असं कोण वाचते? मले ती पुरी करायची आहे आणि इथं एक ओळ होत नाही. अमेरिकेत लढाई, म्हणून विलायतेले आमचाच कापूस पाहिजे. गल्लीगल्लीत गाड्या. बाबा पारखी. दोन बोटांत धागा ताणते, रंग पाहते, सांगते — यंदाचा की मागल्या सालचा. सारी पेठ त्याच्या डोळ्यावर चालते. आता चार पावलांत दम लागते. आडवं होता येत नाही, भिंतीले टेकून बसूनच झोपते.

१५ जानेवारी

क्यांपातला गोरा डॉक्टर आला. बाबाच्या छातीवर लाकडी नळी ठेवून कान लावला.

"काय म्हणते आतमंदी?" बाबानं विचारलं.

मी दुभाषी. काळीज रक्त ढकलते, ते थकलं. रक्त पुढं जात नाही, म्हणून पाणी पायात उतरते, छातीत साचते. हे बाबाले कसं सांगू? म्हटलं, मोट ओढणारा बैल थकला.

"मंग बैल बदला."

"बदलता येत नाही. दमानं हाकायचा."

मीठ बंद, लोणचं बंद, न्हाव्याकडून रक्त काढणं बंद. कसल्याशा विलायती पानाचा अर्क — दिवसातून तीनदा, दहा-दहा थेंब. दहाच्या वर एक नाही. ओकारी आली, नाडी मंदावली की थांबवायचं. थेंबांचं काम माझ्याकडं.

१८ जानेवारी

बाबानं बिनमिठाचं वरण सरकवलं — "हे बैलाले द्या." माय म्हणाली, "तुमीच तं बैल. डाक्तर बोलला."

२१ जानेवारी

बाबा मुतला! कालपासून नऊ वेळा! माय दर वेळी दारातून, "झाली?" आणि तो बाहेरून ओरडते, "अवं, साऱ्या गल्लीले सांगतं का?" पायावर बोट दाबलं तं खड्डा राहत नाही. काल आडवा झोपला, घोरला. एवढं गोड घोरणं मी ऐकलं नव्हतं.

२७ जानेवारी

पुण्याहून पत्र. एक छापखानेवाला गोष्ट पाहायले तयार आहे, पण फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतच पाहीन म्हणते. इथं डॉक्टर म्हणते, बाबाले आणखी दीड महिना तरी पेठेत पाठवू नका. तोपर्यंत मी अडकलो.

६ फेब्रुवारी

माय नदीवर गेली, मी माडीवर होतो, तेवढ्यात बाबा गुपचूप पेठेत. दुपारी नबीचाचा आले — बाबाच्या सोबतीनं वीस सालं दलाली करतात. खाली बसलेच नाहीत.

"बेटा, अकोल्याच्या चार गाड्या तुया बापानं वापस फिरवल्या. मागल्या सालचा पिवया माल म्हणे. गाडीवानाइले चोट्टे म्हणला भर पेठंत. मी पाह्यला ना — दूध हाय दूध!"

"नजर गेली का त्याची?"

"नजरेचं मले ठाऊक नाई. पर रुमालाखाली बोटं दाबून भाव करतो तवा त्याचं मनगट माह्या हातात असते. त्याची नाडी मी ओयखतो. आज एक ठोका पडते, मंग दुसऱ्याची वाट पाहा. जाय, डाक्तर आन."

सकाळी बाबा दोनदा ओकला होता. मी अनवाणी क्यांपात धावलो.

डॉक्टरनं घड्याळ काढलं. मिनिटाले अडतीस ठोके. मंग मले म्हणाला, विचार, माझा कोट कोणत्या रंगाचा?

"हयदीचा," बाबा म्हणाला.

कोट पांढराशुभ्र.

औषध जास्त झालं, डॉक्टर म्हणाला. हे औषध चढलं की सारं पिवळं दिसते. आणखी दोन दिवस असंच चाललं असतं तं काळीज थांबलं असतं. किती देत होते?

मी बोलायच्या आधी माय दाराआडून म्हणाली, "मीनंच देल्ले वरतून. दहानं उतार पडला, वाटलं विसानं लवकर उठतीन."

तिचं बोलणं मी इंग्रजीत सांगतलं. जसंच्या तसं.

८ फेब्रुवारी

औषध बंद. बाबा अजून ओकून राहिला. माय त्याच्या छातीवर हात ठेवून बसली आहे. उचलत नाही.

१० फेब्रुवारी

नाडी पन्नास. बाबा रोज सकाळी मूठभर कापूस उजेडात धरते. काल म्हणाला, लिंबू. आज म्हणाला, साय.

१४ फेब्रुवारी

"पांढरा."

एवढंच बोलला. माय चुलीपुढं पदर तोंडाले लावून बसली. मी अंगणात जाऊन दोन तांबे पाणी डोक्यावर ओतलं — जीव भांड्यात पडला म्हणतात, तो असा. नबीचाचांनी पेढे आणले. बाबाले एक, बाकीचे स्वतः खाल्ले.

१९ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणते, पुढल्या आठवड्यापासून पुन्हा सुरू, पण पाचच थेंब. बाबा आल्या-गेल्याले सांगून राहिला, "लढाई अमेरिकेत, अन् मले मारत होती घरची बाई." सारे हसतात. मायही हसते.

२२ फेब्रुवारी, अकोल्याच्या वाटेवर

मायनं एक थेंब देल्ला नाही. बाटली माझ्या पेटीत कुलुपात होती. दहाचे वीस मीच केले, पुण्याचं पत्र आलं त्या दिवसापासून — तो लवकर उठावा, मी सुटावा. तिले ठाऊक होतं, म्हणून तिनं आळ आपल्यावर घेतला. पाना, तुलेही मी फसवलं.

आज ओसरीवर बसून बाबा पाहुण्यांपुढं पुन्हा तिची थट्टा करून राहिला. मी मध्येच उभा राहिलो आणि सारं सांगतलं. मायच्या हातात बाटली देल्ली, पाच थेंब टाकून दाखवले. पुण्याले नाही जात. त्या चार गाडीवानांच्या घरी जातो. त्यांना चोर मी ठरवलं.

बाबानं बोलायले तोंड उघडलं, तेव्हा मी दमणी गाडीत बसलो होतो. बैल हाकले.