मेंदीतली वाट

प्रिय धोंडीआबा,

आज सकाळी तुमचा मुलगा मारुती आला होता. रस्त्याने वळसा घालून, आमच्या पुढच्या दाराशी. वर ये म्हटलं तरी पायरीखालीच उभा राहिला. दसरा जवळ आला, मेंदी छाटायची आहे, यंदा शेंडा छाटायची पाळी त्यांची, तर छाटू का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी छाट म्हणालो आणि तो गेला. मला त्याच्याशी आणखी एक बोलायचं होतं, ते तोंडातच राहिलं. म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय.

लढाईपायी कागद मिळत नाही, तेव्हा कचेरीतल्या जुन्या छापील नमुन्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहितोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही नाहीच. म्हणजे पत्र पोचायची दुहेरी पंचाईत! तरी लिहितो. मनातल्या मनात तुमच्याशी बोलून फार थकलोय, आबा.

आपण ही मेंदी लावली तो दिवस आठवतो? मी तळेगावात घर बांधलं तेव्हा तुमच्या मळ्याच्या कडेला नुसता दगडांचा बांध होता. कुंपणाची हौस माझी. रोपं तुम्ही आणलीत, चर तुम्ही खणलात, आणि मी दोरी धरून उभा राहिलो, मेंदी माझ्या बाजूला बोटभरही सरकू नये म्हणून. तुम्ही गालात हसत होतात. नियमही मीच केले. तुमच्या अंगाची छाटणी तुम्ही करायची, माझ्या अंगाची मी, आणि शेंडा एक वर्ष तुम्ही, एक वर्ष मी. मग मी कचेरीतून दमून यायचो तर माझी बाजू छाटून, खाली झाडून काढलेली असायची. हे नियमात बसत नाही, असं मी म्हणायचो. हात चालूच होता, असं तुम्ही म्हणायचात.

माझ्या पेरूची सावली तुमच्या वांग्यांवर पडायची. हद्दीपलीकडे आलेली फांदी तुम्हाला तोडता येते, हे तुम्हाला मीच सांगितलं होतं. कायद्याची खुमखुमी भारी ना माझी! तुम्ही फांदीला हात लावला नाहीत. पुढच्या वर्षी वांगी दोन हात मागे लावलीत.

मेंदीच्या मध्यावर आपण दोन माणसं जातील एवढी वाट ठेवली होती. आमच्याकडे विहीर नव्हती, म्हणून आमची ही त्या वाटेने तुमच्या विहिरीवर पाण्याला जायची. आणि तुम्ही घरची सगळी भाजीच्या पाट्या घेऊन आमच्या अंगणातून स्टेशनच्या रस्त्याला लागायचात. नाहीतर अख्ख्या मळ्याला वळसा, आणि पावसाळ्यात तिकडे पोटरीभर चिखल. जाता-येता तुम्ही ओट्याशी टेकायचात. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो आणि तुम्ही त्यातल्या राजेमहाराजांना माझ्यादेखत नावं ठेवायचात. ती अर्धी घटका म्हणजे माझा सगळा दिवस होता, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. वीस वर्षं कोणी बिनहरकत वहिवाट केली की त्याचा हक्क लागतो, हे मी दाव्यांच्या नकला करकरून शिकलो होतो. आपल्या वाटेला एकोणीस झाली होती. उद्या तुमच्या पोरांनी अंगणातून बैलगाडी घातली तर? वर्षातून एक दिवस वाट अडवली की वहिवाट तुटते, असा माझा समज. म्हणून एका रविवारी सकाळी मी बाभळीची काटी ओढत आणली आणि वाटेत आडवी टाकली. एका दिवसापुरती. संध्याकाळी काढायची होती, आणि काढलीही.

काटीचा अर्थ मला ठाऊक नव्हता, असं कसं म्हणू? मावळातच वाढलो मी. कोणाच्या वाटेवर काटी दिसली की माणूस मुकाट मागे फिरतो. का म्हणून विचारत नाही. आणि काटी निघाली तरी, टाकणारा स्वतः येऊन 'या' म्हणेपर्यंत तिथून पाऊल टाकत नाही. हे सगळं मला माहीत होतं. पण त्या रविवारी मी शेजारी नव्हतो, नुसता कारकून होतो.

तुम्ही काय केलंत? हिला पाण्याला येता येणार नाही हे बघून कावडीला दोन घागरी लावल्यात, रस्त्याने वळसा घातलात आणि पाणी आमच्या पुढच्या दारात आणून ठेवलंत. "वाट बंद दिसली," एवढंच म्हणालात. तेव्हाच सांगायला हवं होतं की आबा, ही माझी कारकुनी आहे, मनावर घेऊ नका. मी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही यायचे बंद झालात. हिला मात्र निरोप धाडलात, "वयनी, तुमी या. हिर काय माजी एकल्याची न्हाई." ती जात राहिली. तुम्ही आणि तुमची पोरं रस्त्याने. सात पावसाळे, आबा! गुडघा धरलेला, डोक्यावर पाटी, आणि चिखलातून वळसा. मी ओट्यावरून बघायचो. वाट मोकळी दिसतेय ना, मग येत का नाहीत, असं म्हणून उलट तुमच्यावरच चिडायचो. आणि दर दसऱ्याला तुम्ही तुमची बाजू छाटायचात, पाळी असेल त्या वर्षी शेंडा. माझ्या बाजूचं एक पानही नाही. माझे नियम तुम्ही तेव्हा पहिल्यांदा पाळलेत.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. पेन्शनीत निघालो त्या साली एका वकिलाला सहज विचारलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, परवानगीने चालणाऱ्याचा हक्क लागतच नाही, तुम्ही नुसतं या म्हणाला असतात तरी पुरत होतं. आणि एका दिवसाच्या काटीने काहीही तुटत नाही. ऐकलंत? वहिवाट सोडून बाकी सगळं मात्र तुटलं होतं. त्या संध्याकाळीच मी तुमच्याकडे यायला हवं होतं. चाळीस पावलं होती. पण इतक्या वर्षांनी जाऊन काय तोंड दाखवायचं, म्हणत आजचं उद्यावर ढकललं. लाज वाटली, दुसरं काही नाही.

तुम्हीही एकदा ओरडायचं होतं ना हो माझ्यावर! भांडलो असतो, मिटलं असतं.

श्रावणात तुम्ही गेलात. पाऊस लागलेला, रस्त्यावर चिखल. तुम्हाला उचललं तेव्हा मी छत्री घेऊन मेंदीतल्या वाटेत उभा होतो. आपल्या अंगणातून दुसऱ्या घरची तिरडी कोणी जाऊ देत नाही. पण हीच मला म्हणाली होती, त्यांना इथूनच जाऊ द्या. मी मारुतीला हाक मारली आणि म्हणालो, "इथून न्या रे, जवळ पडेल."

तो थांबला. रागाने बोलला नाही, तेच जास्त लागलं. "भाऊसाहेब, काटी पडल्यापास्नं आबा हितनं चालत गेलं न्हाईत. आता आमी उचलून कसं न्यावं?"

आणि ते तुम्हाला चिखलातून घेऊन गेले. मी मागून आलो, रस्त्याने. चपला चिखलात रुतून राहिल्या, अनवाणीच ओढ्यापर्यंत चाललो. त्या दिवशी मला कळलं की तो वळसा केवढा मोठा आहे.

आज मारुती समोर उभा असताना पुन्हा जीभ अडखळली. साठीला आलो तरी सुधारलो नाही. हिने आतून सगळं ऐकलं होतं. तो गेल्यावर म्हणाली, मला विहिरीवर जाताना आजही संकोच वाटत नाही, कारण मला आबांनी या म्हटलं होतं. आणि पाणी आणायला निघून गेली.

तर आबा, वचन देतो. उद्या सकाळी मी तुमच्या दारात येईन. मारुतीला, त्याच्या आईला, सुनांना बसवून सांगेन की ती काटी कशासाठी होती आणि ती मी टाकली. वाट तुमची आहे, या, असं माझ्या तोंडाने म्हणेन, आणि हवं तर लिहून देईन. ते आले तर आले. नाही आले तर त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही. येताना मात्र मी रस्त्याने येईन. मेंदीतून मी तेव्हाच पाऊल टाकीन, जेव्हा पलीकडून तुमच्या घरचं कोणी मला या म्हणेल.

तुमचा शेजारी,
भाऊसाहेब