‘स्व.’चा घोळ

१३ जून, मंगळवार

१. आजच्या ‘दिनविशेष’मध्ये ‘मृत्यू’ या मथळ्याखाली चौथी ओळ : लांब पल्ल्याच्या जलतरणपटू, शाळेत पोहणं शिकवणाऱ्या बाई.
२. सकाळी ९.१० ला संपादकांच्या टेबलावरचा फोन वाजला.
३. फोनवर त्याच बाई होत्या.
४. त्यांचा आज वाढदिवस आहे. एक्याऐंशी पूर्ण.

घडलं एवढंच. बाकी नुसता आरडाओरडा.

संपादकांनी, म्हणजे साहेबांनी, फोन स्पीकरवर टाकला. आपली फजिती सगळ्यांत वाटून घ्यायची त्यांची सवय! बाई म्हणत होत्या, “मारायचं तर मारा, पण निदान वाढदिवस सोडून मारा. सकाळपासून तीन जण रडून गेले. त्यातला एक तर मला आवडतही नाही.”

‘दिनविशेष’ — त्या-त्या तारखेचे जन्म, मृत्यू, घटना — १ जूनपासून माझा प्रोग्राम लावतो. त्याआधी एकतीस वर्षं काका लावत. काका म्हणजे आमचा संदर्भ विभाग. दुसरं कुणी त्यात नाही. त्यांची हातानं लिहिलेली अकरा हजार कार्डं मी तीन महिने खपून संगणकावर चढवली. बाईंचं मूळ कार्ड काढलं. कोपऱ्यात स्वच्छ अक्षरात : ‘स्व.’

साहेब ओरडले, “स्वर्गीय! म्हातारबुवांनी जित्या बाईला स्वर्गात धाडलं की!”

म्हणजे चूक कार्डात, प्रोग्रामात नाही. दोनदा तपासलं. काका नेमके रजेवर, परवा येणार.

१४ जून

आईला सांगितलं. तिचा एकच प्रश्न, “तुझं नाव आलं का त्यात?” नाही. “मग जेव.”

‘स्व.’ असलेली कार्डं मोजली. २१८. त्यांतली बाईंच्या आधी, १ ते १२ जूनच्या अंकांत छापून गेलेली — सहा. सहाही घरी फोन केले. विचारणार काय? “नमस्कार, ते आहेत का?” घरात आहेत का, की एकूणच आहेत का, ते समोरच्यानं ठरवावं. चौघं स्वतःच फोनवर आले. पाचवे अंघोळीला गेले होते. एकाच्याही घरी आमचा पेपर येत नाही! सहावे मात्र खरोखर गेलेत, चार वर्षांपूर्वी. त्यांची तक्रार नाही.

सहातले पाच जिवंत. हात चुकला तर असा आकडा येत नाही. माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही.

कुठेतरी नियम आहे. माझा, किंवा काकांचा.

१५ जून

बाई स्वतःच आल्या! ताठ, काठी नाही. दारातूनच — “प्रेताला चहा मिळेल का?”

साहेब उभे राहिले, खुर्ची दिली, माफी मागितली, पुन्हा माफी मागितली. बाईंचं लक्षच नव्हतं. त्या कोपऱ्यात बसलेल्या काकांकडे बोट दाखवत होत्या. “अरे, हाच तो! हा आला होता माझ्याकडे. तीन जिने चढून, धापा टाकत. म्हटलं, बाबा, फोन करायचास. तर म्हणतो, नाही, तारखा मी स्वतः विचारून घेतो.”

स्वतः.

मला कळायला एक सेकंद लागला. काकांना तेवढाही नाही. ‘स्व.’ म्हणजे स्वतः विचारून खात्री केली. गेलेल्या माणसाला ते ‘कै.’ लिहितात. मी दोन्ही खुणा एकाच ओळीत बसवल्या : ‘कै.’ किंवा ‘स्व.’ दिसलं, की टाक मृत्यूत. म्हणजे काकांनी ज्याला-ज्याला डोळ्यांनी जिवंत पाहिलं, त्याला-त्याला मी नेमकं वेचून मारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाले, “माझाच हात चुकला. वय झालं आता.”

बाई फटकन म्हणाल्या, “वय माझं झालंय. तू का मरतोस?”

सगळे हसले. मीही हसले.

१६ जून

अंकात दुरुस्ती : ‘जुन्या कार्डातील चुकीमुळे…’

साहेबांचा निर्णय : काकांनी सोमवारपासून येऊ नये. कार्डं शनिवारी, २४ तारखेला, रद्दीत.
माझी नोकरी कायम होण्याची तारीख : १ जुलै.

काकांना जिन्यात गाठलं. आवाज बेताचा ठेवला. “खूण तुमची बरोबर होती. तुम्ही तसं का नाही सांगितलंत?”

“तू कुठे विचारलंस?” हसून म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं. “पोरी, तुझं अजून कायम व्हायचंय. मी पिकलं पान. आज काय, उद्या काय.”

“आणि कार्डं?”

त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. स्वच्छच होता.

१७ जून

प्रोग्राम दुरुस्त केला. एक ओळ. चार मिनिटं.

१८ जून, रविवार

दिवसभर स्वतःशी युक्तिवाद. मी खोटं बोलले नाही — बोललेच नाही. त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. मी मागितलं नव्हतं. आणखी दोन आठवडे तोंड बंद ठेवायचं, की झालं! तोंड बंद ठेवणं मला जमतंही छान. शाळेत बक्षीस असतं तर मिळालं असतं.

आईला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल ‘मग जेव.’ तिनं कपड्यांच्या घड्या घालायचं थांबवलं. “तुझी चूक, त्याची खुर्ची गेली. आणि तू माझ्याकडे परवानगी मागायला आलीस?”

“परवानगी कसली?”

“गप्प बसायची.”

उद्याच्या अंकाचा ‘दिनविशेष’ संध्याकाळी सहाला माझ्याच हातून जातो. साहेब तो कधी वाचत नाहीत. सकाळी घरी, छापलेलाच वाचतात.

१९ जून, सोमवार

छापून आलं. जन्म, मृत्यू, घटना, आणि त्याखाली माझ्या नावानिशी दुरुस्ती. साहेबांचे सात फोन येऊन गेले, उचलले नाहीत. पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. मजकूर इथे उतरवून ठेवते :

‘कार्ड बरोबर होते. त्यावरील ‘स्व.’ म्हणजे ‘स्वतः खात्री केली’. मी ते ‘स्वर्गीय’ धरले आणि कधी विचारले नाही. त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली, तेव्हा मी तिथेच होते आणि गप्प राहिले. त्यांना कामावर परत बोलवावे. माझ्याबाबत योग्य वाटेल ते करावे. पण त्यांचा निर्णय त्यावर अडवू नये. तोवर कार्डांना कुणी हात लावू नये. कृपया शुक्रवार, २३ जूनपर्यंत लेखी उत्तर द्यावे.’